पंचवीस फुटांवरून

माझा धंदा असा आहे की तो समजावून सांगायला गेलं की लोकांना वाटतं, हा काहीतरी लपवतोय. दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत मी मंदूब आहे. मंदूब म्हणजे कंपनीचे सरकारी कागद घेऊन खात्याखात्यांतून फिरणारा माणूस. कामगारांचे व्हिसे, मेडिकल, बोटांचे ठसे, आणि आरपी, म्हणजे इथे राहण्याचा परवाना. तो काढायचा, वाढवायचा आणि वेळ आली की रद्द करायचा. चिपळूणहून आलो तेव्हा मी स्टोअरकीपर होतो. अरबी तोंडात पटकन बसलं, एवढ्या एका गुणावर इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामातून उचलून मला एसी गाडीत बसवलं. गावी गेलो की नातेवाईक अजून विचारतात, "तू नक्की करतोस काय?" मी सांगतो, साहेबांसमोर उभा राहतो. ते हसतात. त्यात हसण्यासारखं काही नाही, मी खरंच तेच करतो.

उभं राहण्यातही कसब असतं. काउंटरच्या काचेला हात लावायचा नाही. साहेब चहा पीत असेल तर आपण नजर फाइलीत घालायची. सलाम करायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. पासपोर्ट फोटोच्या पानावर उघडून त्याच्या बाजूने सुलटा ठेवायचा. मोबाईल खिशात, आणि खिशाकडे हातसुद्धा न्यायचा नाही. "नाही" म्हणाला तर "का" विचारायचं नाही. शुक्रन, म्हणजे आभारी आहे, म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंतर. फार जवळ गेलं की साहेब बिथरतो, फार लांब राहिलं की विसरतो. बायको म्हणते, मी देवासमोरही असाच उभा राहतो, जणू गणपती आता टोकन नंबर पुकारणार आहे. खोटं कशाला बोलू, उदबत्ती लावतानाही माझा एक पाय मागेच असतो.

आमची एकुलती एक मुलगी इथेच जन्मली आणि वाढली, दोह्याच्या अबू हमूर वस्तीतल्या एका व्हिलाच्या मागच्या भागात, जिथे आम्ही अजून भाड्याने राहतो. विमानतळावर कसं वागायचं हे तिला मी बाराखडीच्या आधी शिकवलं. हसायचं नाही, रुसायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं, रेषेच्या मागे उभं राहायचं. ती इतकी गुणी होती की लहान असताना मॉलमधल्या फरशीवर कुठे रेघ दिसली तरी थांबायची. मला त्याचं कोण कौतुक! चार लोकांत सांगायचो.

ही पोरगी मोठी होऊन अमेरिकेत शिकायला गेली, पाणी शुद्ध करण्याच्या विषयात. विद्यार्थी व्हिसा. सगळे कागद मी स्वतः लावून दिले, एकही परत आला नाही. पहिलं वर्ष अभ्यास, बर्फ आणि तिथल्या भाज्यांना चव नसल्याच्या तक्रारी, यात गेलं. सुट्टीत घरी येऊन ऑगस्टमध्ये परत गेली. मग पानगळ सुरू झाली त्या सुमारास तिने आईच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला.

व्हिडिओत एक रस्ता होता, सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि तोंडं झाकलेली तीन-चार माणसं एका पोरसवदा माणसाला हात मागे बांधून गाडीकडे नेत होती. ती इमिग्रेशनची माणसं. शेजारपाजारचे लोक फोन काढून उभे होते, कुणीतरी शिट्टी फुंकत होतं. आणि फोन धरणाऱ्या मुलीचा आवाज येत होता, अगदी शांत, इंग्रजीत: तुमचं नाव काय? घरी कुणाला कळवू? तो माणूस वळून नाव सांगतो, एक नंबर सांगतो. मग एक अधिकारी तिच्या दिशेने हात करून म्हणतो, मागे हो. ती मागे होते, पण तो नंबर पुन्हा मोठ्याने म्हणून घेते, विसरू नये म्हणून.

आवाज आमच्या मुलीचा होता. माझं डोकंच फिरलं.

आमची मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, दोह्यात वाढलेल्या बहुतेक पोरांसारखी. तिचं बोलणं मी इथे मराठीतच लिहितो, नाहीतर मलाच परकं वाटेल. फोनवर मी ओरडलो, "तू तिथे काय करत होतीस?" म्हणाली, "बाबा, मी फुटपाथवर होते." मी म्हटलं, फुटपाथवर अस नाहीतर गच्चीवर अस, तू व्हिसावर आहेस. तिथे जन्मलेल्यांनी शिट्ट्या फुंकाव्यात, तुला काय नडलंय? ती म्हणाली, "त्याच्या बहिणीला मीच फोन केला. मी नसते केला तर तिला कळलंच नसतं." मी आणखीच जोरात ओरडलो. बायकोने फोन हातातून काढून घेतला.

त्यानंतर मी आणि बायको दोघंही त्या फोनला बांधले गेलो. ती बोलावं असं वाटायचं आणि काय बोलेल याची धास्तीही वाटायची. फोनवर फार काही बोलायचं नाही ही इथली आमची सवय, त्यामुळे मी मध्येच "बरं बरं, हवा कशी आहे?" करायचो. उठून तिच्याकडे जावं, तर आमच्या व्हिसाची मुलाखतच पुढे ढकललेली. तिला परत बोलवावं, तर एकदा बाहेर पडली की अमेरिकेत पुन्हा आत घेतील याचा भरवसा कुणी देईना. आणि इथला नियम असा की सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर आरपी जाते. म्हणजे तिने फेब्रुवारीच्या आत एकदा दोह्याला पाय लावणं भाग होतं. इकडून ओढलं तर तिकडची बाजू तुटते, तिकडून सोडलं तर इकडची. मी लोकांचे असे गुंते रोज सोडवतो. घरचा सुटेना.

डिसेंबरची सुट्टी तिने रद्द केली. म्हणाली, युनिव्हर्सिटीतल्या वकीलबाई सांगतात, सध्या देश सोडू नका.

अशात एका सकाळी ऑफिसात चहा पिताना मला बातमी दिसली. तिच्याच राज्यात कायदा: इमिग्रेशन अधिकारी काम करत असताना त्यांच्यापासून पंचवीस फुटांच्या आत कुणी यायचं नाही, सांगूनही आलं तर गुन्हा. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! जे मला ओरडून जमलं नाही ते सरकारने परस्पर केलं. पोरगी हट्टी आहे, पण नियम म्हटलं की पाळेल, शिकवणच तशी आहे. मी ताबडतोब बातमी तिला पाठवली. खाली लिहिलं: "नवा नियम आला आहे. पंचवीस फूट. नीट पाळावा." अगदी कामगारांच्या ग्रुपवर टाकतो तसं. नवा नियम दिसला की सगळ्यांना आधी कळवायचं आणि मग पूर्ण वाचायचं, ही मंदूब लोकांची खोडच. इथे नियम येतो तो सकाळी मोबाईलवर येतो आणि दुपारपर्यंत मी काउंटरवर त्याची पूर्तता करून मोकळा झालेला असतो.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. "थँक यू बाबा, हे मला माहीतच नव्हतं. पण हा कायदा नाहीये, नुसता प्रस्ताव आहे. पुढच्या आठवड्यात समितीपुढे सुनावणी आहे आणि कुणालाही जाऊन बोलता येतं. मी विरोधात बोलायला नाव दिलंय."

मी तो मेसेज बायकोला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "घ्या. तुम्हीच आमंत्रण धाडलंत."

मला तर आधी कळेचना. कायदा करायच्या आधी लोकांना विचारतात? आणि लोक जाऊन तोंडावर सांगतात, की करू नका? व्हिसावर आलेली विद्यार्थिनीसुद्धा? मी तिला फोन करून विचारलं, "नाव कुठे लिहिलंस?" ती म्हणाली, वेबसाइटवर. "पूर्ण नाव?" हो, पूर्ण. "आणि ते बोलणं रेकॉर्ड होतं?" हो, लाइव्ह दाखवतात, तुम्हाला घरबसल्या बघता येईल. जणू गॅदरिंगला नाचणार होती. माझी हयात गेली कुणाचं नाव नको त्या ठिकाणी लागू नये म्हणून धावपळ करण्यात. मी म्हटलं, "बाळा, तुझ्या बापाची भाकरी या लोकांच्या मर्जीवर आहे." ती म्हणाली, "बाबा, ते वेगळे लोक आहेत." मी म्हटलं, "काचेपलीकडचे सगळे सारखेच असतात." मग ती म्हणाली, "तुम्ही नका बघू."

बघणार नाही असं मी ठरवलं होतं. पण सुनावणी तिथे सकाळी होती, म्हणजे आमच्याकडे दिवेलागणीला, आणि बायकोने लॅपटॉप टीव्हीला लावून ठेवला होता. आम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसलो. मोठं लाकडी सभागृह, वर अर्धगोलात बसलेले आमदार, खाली एक टेबल आणि माईक. एकेक माणूस येऊन दोन मिनिटं बोलत होता. एक पोलीसवाला म्हणाला, गर्दी अंगावर आली की आम्हाला काम करता येत नाही, माणसं घाबरतात, आम्हीही घाबरतो. मला ते पटलं. खरंच सांगतो, मी मान डोलावली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान थांबवली.

मग तिचं नाव पुकारलं. आमचं आडनाव त्या माणसाने पार मोडून टाकलं. ती आली, निळा स्वेटर घालून, केस बांधून. टेबलापासून थोडी मागे बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. बायको म्हणाली, "बारीक झालीये." ती काय बोलेल ते कळत होतं, पण कुणाचं नाव घेईल ते कळत नव्हतं.

ती म्हणाली, "मी ज्या देशात वाढले तिथे माझे वडील लोकांचे इमिग्रेशनचे कागद करतात."

मी उठून उभाच राहिलो. बायको म्हणाली, "बसा."

"मी शाळेत होते तेव्हा एका संध्याकाळी आमच्या घरी एका बाईंचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याला पकडून नेलं होतं. त्या विचारत होत्या, कुठे नेलंय. माझे वडील त्याच्यासाठीच, पकडलेल्यांना ठेवतात तिथे गेले होते, म्हणून मी म्हटलं, थांबा, बाबा येतील, त्यांना माहीत असेल. ते आले. त्यांना गेटपासून लांब उभं केलं होतं. तिथून त्यांना माणसं गाडीत चढताना दिसली, पण सगळ्यांचे कपडे सारखे होते आणि आवाज ऐकू येत नव्हता. त्यांनी त्या बाईंना फोनवर सांगितलं, मला माहीत नाही. माझे वडील खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. पंचवीस फुटांवरून माणूस दिसतो, नाव ऐकू येत नाही. मला फक्त नाव विचारायचं असतं."

तो माणूस वेल्डर होता, नांदेडकडचा. आरपीचं कार्ड जवळ नव्हतं म्हणून बस स्टॉपवर सापडला. कंपनीकडे त्याचे कागद चालू होते, पण ते सांगायला मला त्याच्यापर्यंत पोचू कोण देणार? पहारेकऱ्याने मला थेट पार्किंगच्या टोकाला उभं केलं. पुढे सगळं निस्तरलं, तो सुखरूप घरी गेला, मी ते प्रकरण विसरूनही गेलो होतो. बायको विसरली नव्हती. मी घरी येऊन उलट फोन लावला तेव्हा त्या बाईचे शब्द तिने स्पीकरवर ऐकले होते: "आमच्या मालकांना कुठं नेलंय, तेवढं तरी सांगा की ओ." पोरगी तेव्हा दप्तर भरत होती. तिने ऐकलं, आणि इतकी वर्षं जपून ठेवलं, याचा मला पत्ता नव्हता.

तिने देशाचं नाव घेतलं नाही. कंपनीचं नाही, माझंही नाही. तेवढी माझी मुलगी खरी. जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली, की पोरगी तिकडे एकटी बसलीये आणि मी इथे कंपनीचं नाव आलं नाही म्हणून सुस्कारा टाकतोय.

दोन मिनिटं संपली. एका आमदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, "आपण नागरिक आहात का?" अध्यक्षबाई म्हणाल्या, याचं उत्तर देण्याची गरज नाही. पण विचारलं तेवढंच सांगायचं, हे मीच तर शिकवलेलं. ती म्हणाली, "नाही. विद्यार्थी व्हिसावर आहे." आमदाराने काहीतरी लिहून घेतलं. पुढचं नाव पुकारलं गेलं.

समितीने तो प्रस्ताव मंजूर करून पुढे पाठवला. तिच्या बोलण्याने काही फरक पडला नाही. तिचा व्हिडिओ मात्र तिथे कायमचा राहिला. मी ऑफिसात बसून तो किती लोकांनी पाहिला हे बघत बसायचो, आकडा वाढला की पान बंद करून पुन्हा उघडायचो. वकीलबाईंनी तिला पुन्हा बजावलं, आता तर अजिबात बाहेर जाऊ नकोस.

फेब्रुवारी तोंडावर आला. परवाना टिकवायला मी जवाजातला गेलो, म्हणजे पासपोर्ट खात्यात. मुलांना शिकायला बाहेर राहायची परवानगी मागता येते, मागच्या वर्षी मी तिची काढलीही होती. साहेब ओळखीचा, वर्षानुवर्षं आमचं सलाम-दुआ. त्याने स्क्रीन पाहून मान हलवली. या वेळी नाही, तिने येऊन जायला हवं. "खल्लीहा तिजी," तिला येऊ दे, म्हणाला, इतक्या सहज की जणू ती अल रुवैसच्या बंदरावर मासळी आणायला गेलीये. मी शुक्रन म्हणून बाहेर आलो. का, ते विचारलं नाही.

त्या शुक्रवारी तिचा फोन आला. आवाज दमलेला होता. म्हणाली, "बाबा, मी खूप विचार केला. तुम्ही म्हणाल तसं. ये म्हणालात तर मी येते."

बायको समोर बसली होती. तिच्या तोंडावर "ये" लिहिलेलं होतं. माझ्याही मनात तेच होतं. दुसरं काय असणार? ती आली असती, तिच्या खोलीत झोपली असती, मी सकाळी तिला चहा दिला असता. डिग्री अर्धी, पण पोरगी पूर्ण, डोळ्यांसमोर. आणि पुढे? बापाच्या परवान्यावर, बापाच्या घरात, तिने काय करायचं? एखादा नवरा शोधेपर्यंत बसायचं. मला मी पार्किंगच्या टोकाला उभा दिसलो. तिला तिथे आणून उभं करायचं माझ्याने होईना. मी नीट बोललो. "येऊ नकोस. तिथेच राहा. अभ्यास पुरा कर." ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." तिने बराच वेळ फोन ठेवला नाही, आम्हीही ठेवला नाही. बायको उठून आत गेली.

परवाना आपोआप गेला तर पुढे बापाच्या नावावर भानगडी होतात, म्हणून आधीच रद्द केलेला बरा. हे मी लोकांना शेकडो वेळा सांगितलंय. रविवारी मी तिचे कागद घेऊन त्याच साहेबासमोर उभा राहिलो. त्याने नाव पाहिलं, "बिंतक?" तुझी मुलगी? मी हो म्हटलं. बाहेर आहे? हो. आता परत नाही यायची? मी "नाही" अशी मान हलवली. त्याने शिक्का उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. इथे मुलीचा परवाना बाप हौसेने रद्द करतो तो एकाच कारणासाठी, तिचं लग्न होऊन ती नवऱ्याकडे जाते म्हणून. साहेब खुर्चीतून उठला, काचेच्या बाजूने बाहेर आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मबरूक! मबरूक या सदीक!" अभिनंदन, मित्रा! "आणि हलवा कुठे?"

इतक्या वर्षांत तो कधी एवढा जवळ आला नव्हता. त्याच्या अंगाला ऊदाचा वास येत होता. त्याला काय सांगू? सुनावणी, पंचवीस फूट, वकीलबाई? हे सगळं सांगायचं तर "का" पासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, "शुक्रन. उद्या आणतो, इन्शाल्ला."

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "मग आता रिकाम्या हाताने कसे जाणार? किती माणसं आहेत तिथे?" संध्याकाळी आम्ही दोघं गाडीने मिठाईच्या दुकानात गेलो. तिने पेढे निवडले, केशराचे, ताजे आहेत का ते चाखून. दुकानदाराने विचारलं, काय आहे? ती म्हणाली, मुलीचं. त्याने लाल फीत बांधून दिली.

सोमवारी मी तो खोका घेऊन काउंटरमागून काउंटर फिरलो. सगळ्यांनी घेतले, सगळे मबरूक म्हणाले, एकाने मिठीसुद्धा मारली. शेवटच्या टेबलावर एक म्हातारा साहेब आहे, तो कधी कुणाशी बोलत नाही. त्याने पेढा हातात घेतला, आणि मला म्हणाला, मुली निघताना फार रडतात, माझ्याही रडल्या. तुझी रडली का?

मी म्हटलं, "नाही. तिची आई रडली."